रक्तातील प्रक्षेप : एका विषाणूचा आणि त्याच्या प्रथिनाचा इतिहास



ज्या शाळेने मला घडविले त्याच शाळेत, आणि तेही आमच्या शास्त्राच्या सरांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला दिला, याबद्दल मी संस्थाचालकांचा ऋणी आहे. मी संतवाङ्मयावर किंवा बडोद्याच्या मराठी परंपरेवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. आयुष्यभर मी तेच शिकविले. त्यामुळे मी विषय कळविला तेव्हा चिटणिसांनी दूरध्वनीवरून दोनदा खात्री करून घेतली. त्यांचे काही चुकले नाही. जुन्या पोथ्यांच्या पाठभेदांवर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाने रक्ताच्या कर्करोगाच्या विषाणूवर बोलावे, हे जरा विचित्रच. पण ज्या नगरीत श्री सयाजी साहित्यमालेने नाना शास्त्रे लोकांच्या भाषेत आणण्याचा उद्योग केला आणि १९३१ साली श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु हा बहुभाषी कोश सिद्ध झाला, त्या नगरीत मराठीच्या माणसाने शास्त्राचा इतिहास मराठीत सांगितला तर तो अपराध ठरू नये.

विषय निवडण्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. ते आधी सांगतो.

एक प्रश्न

१९६३ साल असावे. आम्ही नववीत होतो. आमच्या वर्गातील एका मुलाच्या आईला रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळले. तेव्हा त्या रोगाचे नावसुद्धा घरात हलक्या आवाजात घेत. दोन दिवसांत वर्गात एक गोष्ट कोणी न सांगता घडली. मधल्या सुट्टीत त्या मुलाच्या शेजारी कोणी डबा उघडीना. पाण्याच्या माठावर त्याने पेला ठेवला की दुसरा मुलगा तो विसळून घेई. त्याच्या बाकावर त्याच्या शेजारी बसणारा मुलगा जागा बदलून मागे जाऊन बसला. तो मुलगा मी.

तिसऱ्या दिवशी शास्त्राच्या तासाला कोणीतरी विचारलेच, ‘सर, कॅन्सर लागतो का?’ सर फळ्यापाशी उभे होते. त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, ‘लागत नाही. पेल्याने, डब्याने, शेजारी बसल्याने कोणालाही तो लागत नाही.’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘कोंबड्यांमध्ये एका विषाणूमुळे होणारा कर्करोग सापडला आहे. उंदरांमध्येही सापडला आहे. माणसांत तसे अजून आढळलेले नाही. आढळलेले नाही म्हणजे नाहीच, असे मी म्हणणार नाही.’ एवढे बोलून ते त्या मुलाच्या बाकापाशी गेले, त्याच्या पेल्यात माठातले पाणी ओतून घेतले आणि आमच्या सर्वांच्या देखत प्यायले.

सरांच्या बोलण्याचा पहिला भाग आम्हांला समजला. दुसरा भाग मला तेव्हा अनावश्यक वाटला होता. मुलांची भीती घालवायची तर कोंबड्या कशाला मध्ये आणायच्या? त्या दुसऱ्या भागाचे पुढे काय झाले, हा माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

कोंबड्यांपासून मांजरांपर्यंत

सरांनी सांगितलेली हकीकत १९०८ सालची आहे. कोपनहेगन येथे विल्हेल्म एलरमान आणि ओलुफ बांग या दोघांनी ल्युकेमिया झालेल्या कोंबडीच्या अवयवांचा अर्क काढला. ज्यातून पेशी व जिवाणू पार होऊ शकत नाहीत अशा बारीक गाळणीतून तो गाळला आणि निरोगी कोंबड्यांना टोचला. त्यांतील काही कोंबड्यांना ल्युकेमिया झाला. ल्युकेमिया हा तेव्हा कर्करोगच मानला जात नसल्याने या शोधाकडे फारसे कोणी पाहिले नाही. तीन वर्षांनी, १९११ साली, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस यांनी कोंबडीच्या घट्ट गाठीबाबत तेच दाखविले. त्यांच्या वाट्याला अविश्वास आला. या कामाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, सत्त्याऐंशीव्या वर्षी!

१९५१ साली लुडविक ग्रॉस यांनी उंदरांतील ल्युकेमियाचा विषाणू दाखविला. १९६४ साली ग्लासगो येथे विल्यम जॅरेट यांना मांजरांत तो सापडला. पुढे गुरांतही सापडला. कोंबडी, उंदीर, मांजर, गाय अशी ही रांग माणसाच्या दारापर्यंत आली आणि तेथे थांबली.

हे विषाणू विचित्र होते. त्यांचा मजकूर आरएनए या द्रव्यात लिहिलेला असतो, तर पेशीचा मूळ ग्रंथ डीएनएमध्ये. डीएनएवरून आरएनएची नक्कल होते, उलट कधी होत नाही, अशी समजूत होती. १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे दाखविले की या विषाणूंजवळ उलट नक्कल करणारे एक विकर असते. विषाणू आपल्या आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करतो आणि ती पेशीच्या गुणसूत्रात घुसवून देतो. १९७५ साली रेनातो दुल्बेको यांच्यासह या दोघांना नोबेल मिळाले.

येथे मला माझ्या धंद्यातला दृष्टांत घेऊ द्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शुद्ध करण्याची पाळी का आली? नकला करता करता चुका झाल्या होत्या आणि कोणी कोणी आपल्या ओव्याही मध्ये घातल्या होत्या. अशा घुसडलेल्या मजकुराला आम्ही प्रक्षेप म्हणतो. प्रक्षेपाचे बळ असे की एकदा तो पोथीत शिरला की त्याला स्वतःहून काही करावे लागत नाही. पुढचा लेखक मूळ ओवी ज्या भक्तीने उतरवतो त्याच भक्तीने प्रक्षेपही उतरवतो. या जातीच्या विषाणूचे तसेच असते. पेशी दुभंगताना आपल्या सर्व ग्रंथाची नक्कल करते आणि त्यात विषाणूच्या ओव्याही दर वेळी आपल्याच हाताने लिहिते.

माणसाच्या दारात

टेमिन व बाल्टिमोर यांच्या शोधानंतर माणसातील असा विषाणू शोधण्याची जणू शर्यत लागली. १९७१ साली अमेरिकेने कर्करोगाविरुद्ध राष्ट्रीय कायदा केला आणि या कामासाठी पैसा ओतला. हाती लागली ती निराशा. आज सापडला म्हणून जाहीर झालेला विषाणू उद्या प्रयोगशाळेत शिरलेला माकडाचा विषाणू ठरे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील रॉबर्ट गॅलो यांच्या गटाच्या बाबतीतही सत्तरीच्या दशकाच्या मध्यात हेच घडले. या शोधाची थट्टा होऊ लागली.

अडचण अशी होती की माणसाच्या रक्तातील टी-पेशी प्रयोगशाळेत जगत नसत. टी-पेशी हा पांढऱ्या पेशींचा एक वर्ग. परक्याला ओळखणे, इतर पेशींना हाक देणे आणि काम संपल्यावर शांत होणे हे तिचे काम. १९७६ साली गॅलो यांच्या प्रयोगशाळेतील डोरिस मॉर्गन, फ्रँक रुसेटी आणि स्वतः गॅलो यांनी टी-पेशींना वाढविणारा एक पदार्थ दाखवून दिला. आज त्याला इंटरल्युकिन-२ म्हणतात. या पदार्थाच्या आधारे टी-पेशी बाटलीत दीर्घकाळ वाढविता येऊ लागल्या. पुढच्या कथेत हा पदार्थ दोनदा येणार आहे, म्हणून तो ध्यानात ठेवावा.

पुढच्याच वर्षी जपानमधून एक शोधनिबंध आला. क्योतो येथील ताकाशी उचियामा, कियोशी ताकात्सुकी आणि त्यांचे सहकारी यांनी प्रौढ माणसांत होणाऱ्या ल्युकेमियाच्या १६ रुग्णांचे वर्णन केले. रोग टी-पेशींचा होता. या पेशींचे केंद्रक पाकळ्या फुटल्यासारखे दुभंगलेले दिसे, म्हणून त्यांना पुढे फुलपेशी असे नाव पडले. रोग्यांची यकृत-प्लीहा वाढलेली, त्वचेवर चट्टे, आणि शेवट बहुधा लवकर. पण निबंधातील सर्वांत मोलाचे निरीक्षण सूक्ष्मदर्शकातले नव्हते. रुग्ण क्योतोत तपासले गेले, तरी बहुतेकांचा जन्म दूर दक्षिणेकडील क्यूशू बेटावरचा होता. डॉक्टरांनी रोग्याला ‘तुमचे गाव कोणते’ हे विचारले, आणि एवढ्या साध्या प्रश्नातून दिशा सापडली.

एकच विषाणू, दोन किनारे

डिसेंबर १९८० मध्ये बर्नार्ड पॉइझ, रुसेटी, गॅलो आणि त्यांचे सहकारी यांनी मानवी टी-पेशींतून वेगळा केलेला असा पहिला विषाणू जाहीर केला. तो ज्या पेशींत सापडला त्या त्वचेत पसरणाऱ्या टी-पेशींच्या कर्करोगाच्या एका अमेरिकन रुग्णाच्या होत्या. त्या पेशी बाटलीत वाढत्या ठेवण्याचे काम करणाऱ्यांत आदी गझदर हे नाव आहे. बडोदेकरांच्या कानाला ते ओळखीचे वाटल्यावाचून राहणार नाही. विषाणूला इंग्रजी आद्याक्षरांवरून एचटीएलव्ही हे नाव मिळाले. असे दुसरे विषाणूही नंतर सापडल्याने आज त्याला एचटीएलव्ही-१ म्हणतात.

इकडे जपानात इसाओ मियोशी यांनी एक प्रयोग केला. एका स्त्री रुग्णाच्या ल्युकेमिया झालेल्या टी-पेशी त्यांनी एका नवजात मुलाच्या नाळेतील रक्ताच्या पेशींबरोबर एकाच बाटलीत ठेवल्या. काही काळाने बाटलीत पेशींचे अखंड वाढणारे कूळ तयार झाले. रोगी पेशी टिकल्या असणार, असेच कोणालाही वाटेल. पण गुणसूत्रे तपासली तर ती पुरुषाची निघाली. म्हणजे जी न थांबता वाढत होती ती त्या बाळाची निरोगी पेशी होती. रोगी पेशीतून काहीतरी तिच्यात गेले होते आणि त्याने तिचा स्वभाव बदलला होता. १९८१ साली हे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी क्योतोच्या योरिओ हिनुमा यांनी मियोशींच्याच पेशींचा उपयोग करून दाखविले की या रोगाच्या तपासलेल्या सर्व रुग्णांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आहेत. शिवाय रोगग्रस्त प्रदेशातील निरोगी प्रौढांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाच्या रक्तातही ती होती. विषाणू पुष्कळांत होता आणि रोग थोड्यांत, हे कोडे त्याच दिवशी जन्माला आले.

१९८२ साली मित्सुआकी योशिदा यांनी जपानी विषाणूचे स्वरूप स्पष्ट केले आणि लवकरच अमेरिकन व जपानी विषाणू एकच असल्याचे ठरले. प्रथम कोणी शोधला, यावर दोन्ही किनाऱ्यांवर पुढे बरेच बोलले गेले. इतिहास लिहिणाऱ्याने येथे पंच होऊ नये. अमेरिकन गटाने विषाणू आधी प्रसिद्ध केला. रोग आधी ओळखला, त्याचा प्रदेश दाखविला आणि विषाणूचे त्या रोगाशी नाते पक्के केले ते जपानी वैद्यांनी. यांपैकी एक बाजू वगळली तर हकीकत अपुरी राहते.

प्रथिनाचा शोध

आता विषाणू पेशीचा स्वभाव बदलतो तो कसा, या मूळ प्रश्नाकडे वळू.

१९८३ साली सेइकी, योशिदा आणि सहकारी यांनी विषाणूचा संपूर्ण मजकूर वाचला. त्याची लांबी ९०३२ अक्षरे भरली. या जातीच्या प्रत्येक विषाणूत असतात ती तीन प्रकरणे त्यात होती : गाभ्याचे प्रथिन, उलट नक्कल करणारे विकर आणि आवरण. पण शेवटाकडे, आवरणानंतर, एक अनोळखी तुकडा होता. काय आहे ते न कळल्याने त्याला पीएक्स असे नाव ठेवण्यात आले.

राऊस यांच्या कोंबडीच्या विषाणूत कर्करोग घडविणारे जनुक असते. ते मुळात कोंबडीच्याच पेशीतून उचललेले आहे, हे १९७६ साली मायकेल बिशप आणि हॅरल्ड व्हार्मस यांच्या गटाने दाखवून दिले होते. या मानवी विषाणूत तसे उचललेले काहीच नव्हते. दुसरी एक शक्यता होती. काही विषाणू पेशीच्या एखाद्या नाजूक जनुकाशेजारी जाऊन बसतात आणि त्याला चेतवितात. पण वेगवेगळ्या रुग्णांत हा विषाणू वेगवेगळ्या ठिकाणी घुसलेला आढळला. मग एकच तर्क उरला. जो तुकडा अनोळखी होता, तोच एखादे प्रथिन घडवीत असावा आणि ते प्रथिन दूर अंतरावरून काम करीत असावे.

१९८४ पासून दोन-तीन वर्षांत अनेक प्रयोगशाळांनी हे सिद्ध केले. पीएक्समधून ३५३ अमिनो आम्लांचे एक प्रथिन तयार होते. त्याला टॅक्स हे नाव मिळाले. आपल्या आयकराशी त्याचा संबंध नाही. दुरून जनुके चालू करणारे पीएक्समधील प्रथिन, अशा अर्थाचे ते जोडनाव आहे. टॅक्स स्वतः डीएनएवर बसत नाही. ते पेशीच्याच कारभाऱ्यांना हाताशी धरते आणि त्यांना विषाणूच्या मजकुराच्या आरंभाशी नेऊन बसविते. त्यामुळे विषाणूची जनुके जोरात चालू लागतात.

एवढ्यावर ते थांबत नाही. निरोगी टी-पेशीचा क्रम असा असतो. परके काही दिसले की पेशीत एक निरोप जातो. एनएफ-कप्पा-बी नावाचे नियंत्रक प्रथिन, जे एरवी केंद्रकाबाहेर बांधून ठेवलेले असते, ते सोडले जाते आणि केंद्रकात शिरून अनेक जनुके चालू करते. हे प्रथिन १९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी दाखविले होते. चालू होणाऱ्या जनुकांत दोन विशेष : एक इंटरल्युकिन-२, म्हणजे वाढीची हाक, आणि दुसरे त्याचे ग्राहक प्रथिन, म्हणजे ती हाक ऐकणारा कान. पेशी वाढते, दुभंगते, काम करते. धोका टळला की एनएफ-कप्पा-बी पुन्हा बांधले जाते आणि पेशी शांत होते.

टॅक्स हे बांधणेच होऊ देत नाही. एनएफ-कप्पा-बीला सोडण्याचा हुकूम देणारे जे प्रथिनांचे मंडळ असते त्याच्या एका सभासदाला टॅक्स चिकटते आणि मंडळाला सतत जागे ठेवते. शत्रू नसताना चौघडा वाजतच राहतो. पेशीचा कान सताड उघडा राहतो, आणि काही वेळा तीच हाक देते व तीच ऐकते. त्याच वेळी टॅक्स पेशीचे लगामही सैल करते. बिघडलेल्या पेशीला थांबविणारे पी-५३ हे प्रथिन ते निष्प्रभ करते. पेशी दुभंगताना गुणसूत्रांची वाटणी नीट होते की नाही हे पाहणाऱ्या प्रथिनालाही ते चिकटते. म्हणजे पेशी दुभंगते वेगाने आणि तपासणी होते ढिलाईने. चुका साठत जातात.

हे सर्व विषाणूच्या एका तुकड्यानेच होते का? १९८७ साली टॅक्सचे जनुक घातलेल्या उंदरांत गाठी झाल्या. १९८९ साली राल्फ ग्रासमान व सहकारी यांनी पीएक्सचा तुकडा एका निराळ्या, माकडांच्या विषाणूच्या पाठीवर बसवून माणसाच्या ताज्या टी-पेशींत पोहोचविला. त्या पेशी अखंड वाढू लागल्या. बाळाच्या पेशींचे मियोशींच्या बाटलीत जे झाले होते त्याचे कारण आठ वर्षांनी असे हाती आले.

एक उपकथा येथे सांगितलीच पाहिजे. १९७७ च्या निबंधाचे पहिले लेखक उचियामा पुढे अमेरिकेत थॉमस वॉल्डमन यांच्याकडे गेले. तेथे त्यांनी चेतलेल्या टी-पेशीला ओळखणारे एक प्रतिद्रव्य तयार केले. ते ज्याला चिकटत होते तो इंटरल्युकिन-२ चा कानच निघाला. या प्रतिद्रव्याचे सुधारलेले रूप १९९७ साली अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रोपणासाठी औषध म्हणून मान्य झाले. पुढे ते बाजारातून गेले, पण विद्या अशी कोठून कोठे जाते हे पाहण्यासारखे आहे.

उलट वाचलेले पान

१९९० च्या दशकात हा इतिहास येथे संपला असे वाटले असते. पण एक विसंगती टोचत होती. ज्या रुग्णांना ल्युकेमिया झाला त्यांच्या रोगी पेशी तपासल्या, तर बहुतेकांत टॅक्स सापडतच नव्हते. सुमारे निम्म्याहून अधिक रुग्णांत ते तयार करण्याची क्षमताच नष्ट झालेली असे. आरोपी पुराव्यानिशी पकडला, पण गुन्ह्याच्या जागी तो नाही!

याचे अर्धे उत्तर शरीराच्या पहाऱ्यात आहे. टॅक्स हे प्रतिकारयंत्रणेच्या डोळ्यांत सर्वांत अधिक खुपणारे प्रथिन आहे. जी पेशी ते उघडपणे तयार करते ती मारली जाते. जी ते दडविते ती वाचते. उरलेले उत्तर २००२ साली फ्रान्समधील माँपेलिए येथून आले. विषाणूच्या मजकुराच्या दुसऱ्या धाग्यावर, उलट दिशेने वाचले असता, आणखी एक जनुक सापडले. त्याचे प्रथिन एचबीझेड. सोळाव्या शतकातील दैवज्ञ सूर्यकवीचे रामकृष्णविलोमकाव्य आपल्यांपैकी काहींना ठाऊक असेल : श्लोक सरळ वाचला तर रामकथा, उलट वाचला तर कृष्णकथा. विषाणूचे दोन धागे म्हणजे तंतोतंत तसे नव्हेत, पण एकाच जागेत दोन कथा मावतात, हे कवीने आधीच दाखविले होते. २००६ साली क्योतोच्या मासाओ मात्सुओका यांच्या गटाने दाखविले की एचबीझेडचा आरएनए रुग्णांच्या रोगी पेशींत सातत्याने आढळतो आणि तो पेशींच्या वाढीस हातभार लावतो. पुढे असेही दिसले की काही वेळा टॅक्स थोड्या पेशींत थोडा वेळ झळकून पुन्हा विझते. टॅक्सने आग लावावी आणि एचबीझेडने निखारा राखावा, असा हा संसार आहे.

विषाणूची लागण बहुधा बालपणी होते आणि रोग उमटतो चाळीस ते साठ वर्षांनी. लागण झालेल्यांपैकी शंभरात दोन ते पाच जणांनाच तो होतो. टॅक्स पेशीला केवळ न थांबण्याची सवय लावते. कर्करोग घडतो तो त्यानंतर कित्येक दशकांत साठलेल्या चुकांतून. याच विषाणूने काहींना पायांचे बळ हरवणारा मज्जारज्जूचा विकार होतो, हे १९८५ साली मार्तिनिक बेटावर आणि १९८६ साली जपानमधील कागोशिमा येथे लक्षात आले. उग्र प्रकारच्या ल्युकेमियात आजही रुग्ण बहुधा वर्षभराच्या आसपासच जगतो. २०१२ साली जपानने मोगामुलिझुमॅब हे नवे औषध मान्य केले, तरी रोग जिंकला असे कोणी म्हणणार नाही.

आईचे दूध

मग या विद्येचा उपयोग काय? औषधापेक्षा मोठा उपयोग प्रतिबंधात झाला, आणि तेथेच या कथेतील सर्वांत कठीण प्रसंग आहे.

हा विषाणू हवेतून, पाण्यातून, भांड्यातून, स्पर्शातून जात नाही. तो पेशीच्या आत राहतो आणि एक पेशी दुसरीला भिडली तरच पुढे जातो. म्हणून त्याच्या वाटा मोजक्या आहेत : रक्त, शरीरसंबंध आणि आईचे दूध, कारण दुधात जिवंत पांढऱ्या पेशी असतात. जपानने १९८६ साली रक्तदात्यांचे रक्त या विषाणूसाठी तपासण्यास आरंभ केला आणि रक्ताची वाट बंद झाली. राहिली दुधाची.

१९८७ साली नागासाकी जिल्ह्यात गरोदर स्त्रियांची तपासणी सुरू झाली. जिच्या रक्तात विषाणू आढळे तिला बाळास अंगावर पाजू नये असा सल्ला दिला जाई. दीर्घकाळ अंगावर प्यालेल्या मुलांत लागणीचे प्रमाण शेकडा २० च्या आसपास होते. बाहेरच्या दुधावरील मुलांत ते शेकडा अडीचच्या आसपास आले. आकडे स्वच्छ आहेत. पण त्या आईच्या जागी क्षणभर उभे राहून पाहा. ती निरोगी आहे. तिला रोग होण्याची शक्यता थोडी, तिच्या बाळाला होण्याची शक्यता आणखी थोडी, आणि झालाच तर तो बहुधा तिच्या पश्चात. आणि हा विषाणू तिला बहुधा स्वतःच्या आईच्या दुधातूनच आला आहे. एवढे सगळे तिला सांगायचे, आणि वर आजच्या आज बाळाला छातीपासून दूर ठेव म्हणायचे. सांगावे की नाही, कसे सांगावे, शेजारणीला कळले तर काय, सासूला काय सांगावे, या प्रश्नांची उत्तरे जनुकांच्या मजकुरात नसतात. जपानने ही तपासणी देशभर लागू केली ती २०१०-११ च्या सुमारास, म्हणजे नागासाकीनंतर वीसहून अधिक वर्षांनी. ज्यांना हे वीस वर्षांचे थांबणे अनाकलनीय वाटते त्यांनी त्या आईचा विचार करावा. आणि ज्यांना ते समर्थनीय वाटते त्यांनी त्या वीस वर्षांत जन्मलेल्या मुलांचा विचार करावा. माझ्याने एक बाजू घेववत नाही.

गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो. हा विषाणू जपानचा नैर्ऋत्य भाग, कॅरिबियन बेटे, आफ्रिका व दक्षिण अमेरिकेचे काही प्रदेश, मध्य ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी एकवटलेला आहे. आपल्याकडे तो विरळ आहे. आपल्या लेकीसुनांनी बाळाला अंगावर पाजणेच योग्य. आणि रक्ताचे बहुसंख्य कर्करोग या विषाणूमुळे होत नाहीत.

सरांचे उत्तर

आता मी नववीच्या वर्गात परत येतो. सर जे बोलले त्याचा पहिला भाग आजही पूर्ण खरा आहे. त्या माउलीचा रोग पेल्याने कोणालाही लागणार नव्हता. दुसरा भागही खरा ठरला, फक्त त्यासाठी १९८० पर्यंत थांबावे लागले. सरांनी त्या दिवशी ‘माणसाला असे कधीच होत नाही’ असे म्हटले असते तर आमची भीती अधिक लवकर गेली असती, आणि सतरा वर्षांनी ते खोटे ठरले असते. त्यांनी तसे म्हटले नाही. जे ठाऊक होते ते ठामपणे सांगितले, जे ठाऊक नव्हते ते उघडे ठेवले, आणि उघड्या प्रश्नाचे ओझे त्या मुलावर पडू नये म्हणून त्याच्या पेल्यातले पाणी प्यायले. नागासाकीच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना रोज जे करावे लागले, ते याहून फार निराळे होते असे मला वाटत नाही.

त्या मुलाची आई त्या वर्षीच्या दिवाळीनंतर गेली. मी त्यांच्या घरी गेलो नाही. वार्षिक परीक्षेच्या सुमारास मी पुन्हा त्याच्या शेजारी बसू लागलो. त्याने काही विचारले नाही, मी काही सांगितले नाही. पुढे तो नोकरीनिमित्त बाहेरगावी गेला, आमची पत्रे झाली, भेटी झाल्या, पण बाक बदलल्याची गोष्ट माझ्या तोंडून कधी निघाली नाही. आज या व्यासपीठावरून ती प्रथमच निघते आहे. हे भाषण पुस्तिकेच्या रूपाने निघेल तेव्हा तिची एक प्रत मी त्याला पाठविणार आहे.